कारण न सापडणारी भोवळ : कातडीखाली बसणारा ‘लूप रेकॉर्डर’ नेमके काय काम करतो?

सानगडी (ता. साकोली) : माणूस उभ्याउभ्या कोसळतो, अर्ध्या-एक मिनिटात डोळे उघडतो आणि “मला काय झालं?” म्हणून विचारतो. घरचे दवाखान्यात नेतात. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. एक सलाईन लागते, ताकदीच्या गोळ्या मिळतात. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. कधी रोवणीच्या वेळी बांधीत, कधी बाजारात, कधी घरी बसल्या जागी. पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. मग कोणी फिट म्हणतो, कोणी अशक्तपणा म्हणतो, कोणी बाहेरचं काही आहे म्हणतो.

अशा रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट आधी समजून घ्यायला पाहिजे. भोवळ ओसरल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयात दोष नाही, असे सिद्ध होत नाही. पट्टी काढली त्या दहा-बारा सेकंदांत ठोके ठीक होते, एवढेच तो सांगतो. पडला त्या क्षणी ठोके कसे होते हे कळायचे असेल तर त्या क्षणी मशीन अंगावर असायला पाहिजे. छातीच्या कातडीखाली बसवला जाणारा लूप रेकॉर्डर याच कामासाठी आहे.

पुरावा हाती का लागत नाही

मेंदूला रक्त जाणे सहा ते आठ सेकंद थांबले तरी माणसाची शुद्ध हरपते. हृदय काही सेकंद थांबले आणि आपोआप पुन्हा चालू झाले, तर माणूस पडतो आणि थोड्या वेळात उठतो. आडवा पडल्यामुळे मेंदूकडे रक्त सहज जाते, म्हणून शुद्धही लवकर येते. गाडी मिळून साकोलीच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत हृदय आपल्या चालीवर आलेले असते.

यात आणखी एक घोटाळा होतो. माणूस तसाही मिनिटभरात शुद्धीवर येणारच असतो. त्या मिनिटात ज्याने जे केले, त्याला श्रेय मिळते. कांदा हुंगवला तर कांद्याने बरा झाला, चप्पल हुंगवली तर चपलेने, अंगारा लावला तर अंगाऱ्याने. गावातल्या डॉक्टरने लावलेल्या सलाईनलाही बरेचदा असेच फुकटचे श्रेय मिळते. उन्हाने पाणी कमी झाले असेल तर सलाईनचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण ठोका थांबून आलेल्या भोवळीवर सलाईन हा इलाज नाही आणि पुढची भोवळ त्याने टळत नाही.

जास्त वेळ ईसीजी घ्यायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात चालत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे यंत्र केले. ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो, म्हणजे जवळपास धानाच्या कट्ट्याएवढे! आज त्याच्याच नावाचे ‘होल्टर’ मशीन खिशात मावते आणि २४ किंवा ४८ तास छातीला लावून घरी पाठवतात. ही चांगली तपासणी आहे. पण वर्षातून दोनदा पडणाऱ्या माणसाला २४ तास होल्टर लावले, तर नेमका त्याच दिवशी तो पडण्याची शक्यता किती? ३६५ दिवसांत दोन दिवस. म्हणजे साधारण १८० वेळा लावावे तेव्हा एकदा हाती लागेल. होल्टरचा पैसा गेला, रिपोर्ट नॉर्मल आला आणि कारण तिथेच राहिले, असे बऱ्याच जणांचे होते ते यामुळे.

म्हणून कोणती तपासणी घ्यायची हे भोवळ किती दिवसांनी येते यावर ठरते. रोज किंवा एक दिवसाआड त्रास होत असेल तर होल्टर पुरते. आठवडा-दोन आठवड्यांनी होत असेल तर छातीला चिकटवायची पट्टी मिळते, ती एक ते दोन आठवडे राहते. महिन्यांनी किंवा वर्षातून एक-दोनदाच होत असेल आणि बाकी तपासण्यांत काही सापडले नसेल, तर कातडीखालच्या रेकॉर्डरचा विचार करतात. आजकाल पोरांच्या हातात ईसीजी काढणारे घड्याळ दिसते. त्यात साधारण अर्ध्या मिनिटाची पट्टी निघते आणि ती काढायला माणूस शुद्धीत असावा लागतो. छातीत धडधड होते तेव्हा ते कामी येईल, पण कोसळलेल्या माणसाला ते पुरत नाही.

यंत्र कसे असते, कसे बसवतात

सध्या वापरात असलेला एक रेकॉर्डर साधारण साडेचार सेंटिमीटर लांब, ७ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड आहे. वजन अडीच ग्रॅम. आगपेटीतल्या चार-पाच काड्या एकत्र धरल्या तर जेवढ्या होतील तेवढाच. या आकाराचे यंत्र २०१४ पासून मिळू लागले. त्याआधीचे पेन ड्राइव्हएवढे जाड होते. बॅटरी साधारण तीन वर्षे चालते, नंतर आलेल्या काही यंत्रांची साडेचार वर्षांपर्यंत.

बसवण्यासाठी पूर्ण भूल लागत नाही. डाव्या छातीवर, मधल्या हाडाच्या बाजूला तेवढीच जागा इंजेक्शनने बधिर करतात, एक सेंटिमीटरपेक्षाही लहान चीर देतात आणि खास अवजाराने यंत्र कातडीखाली सरकवतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम. हृदयात वायर जात नाही, छाती उघडत नाहीत. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. जखम पिकणे, रक्त साकळणे, क्वचित यंत्र कातडीबाहेर येऊ लागणे असे त्रास होतात, पण शंभरात एक-दोघांना. शेतीकाम करणाऱ्याने जखम पूर्ण सुकेपर्यंत चिखलात जाऊ नये. रोवणी तोंडावर असेल तर डॉक्टरांना तसे सांगून तारीख मागेपुढे करून घेतलेली बरी. मधुमेह असेल त्याने जास्तच जपावे.

आता ‘लूप’ म्हणजे काय? बँकेतला सीसीटीव्ही चोवीस तास चालू असतो आणि जागा भरली की जुने पुसून नवे टिपतो, तसेच हे. यंत्र प्रत्येक ठोका पाहत असते, सगळे साठवत नाही. ठोका तीन-चार सेकंद थांबला, ठोके फारच मंदावले किंवा एकदम फार वेगाने धावू लागले, तर तेवढा भाग आपोआप जतन करते. दुसरा मार्ग म्हणजे बटण. रुग्णाला छोटे रिमोट किंवा मोबाईलचे ॲप देतात. भोवळ आल्यानंतर ते दाबले की मागच्या काही मिनिटांची नोंद पक्की होते. पडलेला माणूस गोंधळलेला असतो, म्हणून हे बटण घरातल्या दोघा-तिघांना दाबता आले पाहिजे. शाळेत जाणाऱ्या नातवाला शिकवून ठेवले तर तो सगळ्यांत आधी दाबेल! तासाभराने आठवण येऊन दाबले तर मधल्या वेळात मोलाचे ते पुसलेले असते.

आतली जागा मर्यादित आहे, जुन्या नोंदींवर नव्या चढतात. त्यामुळे भोवळ आली, बटण दाबले आणि पुढे तीन महिने दवाखान्याकडे फिरकलाच नाही, असे चालत नाही. काही यंत्रे घरात ठेवायच्या मॉनिटरमार्फत किंवा मोबाईलमार्फत माहिती थेट रुग्णालयात पाठवतात. आपल्याकडे रेंजचा प्रश्न आहेच. पण रेंज गेली म्हणून नोंद जात नाही. ती यंत्रात राहते, रेंज आली की जाते, किंवा रुग्णालयात छातीवर वाचक यंत्र धरून काढून घेतात. विकत घेण्याआधी “आमच्या गावात नेटवर्क नसेल तर काय?” हे विचारून ठेवावे.

हा पेसमेकर नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना स्पष्ट पाहिजे. लूप रेकॉर्डर ठोका देत नाही, झटका देत नाही, काहीही बरे करत नाही. तो फक्त साक्षीदार आहे. बसवल्यावर पुढची भोवळ येणारच नाही असे समजू नये. उलट ती यावी आणि पकडली जावी यासाठीच तो बसवलेला असतो.

हाती काय लागते

हे यंत्र रुग्णांत वापरून त्याचा उपयोग दाखवण्याचे सुरुवातीचे मोठे काम कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरात डॉ. जॉर्ज क्लाइन आणि डॉ. अँड्र्यू क्रान यांनी केले. कारण न सापडलेल्या ६० रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला रेकॉर्डर. २००१ साली निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासण्यांत साधारण पाचातल्या एकाचे कारण सापडले, रेकॉर्डर बसवलेल्यांत निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचे. म्हणजे रेकॉर्डर बसवूनही बऱ्याच जणांना उत्तर मिळत नाही, हेही त्यात आले. काहींना तर यंत्र बसवल्यावर पुन्हा भोवळच येत नाही.

सापडणाऱ्या कारणांत ठोका थांबणे किंवा फार मंदावणे हे बरेचदा असते. त्यावर पेसमेकर हा खरा इलाज आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका अभ्यासात चाळिशी ओलांडलेले, वारंवार पडणारे आणि ज्यांच्या रेकॉर्डरवर ठोका थांबल्याचे दिसले असे रुग्ण घेतले होते. सगळ्यांना पेसमेकर बसवला, पण निम्म्यांचा चालू ठेवला नाही. दोन वर्षांत चालू नसलेल्यांपैकी शंभरात ५७ जणांना पुन्हा भोवळ आली, चालू असलेल्यांपैकी शंभरात २५ जणांना.

काही वेळा भोवळ आली, बटण दाबले आणि नोंदीत ठोके अगदी सुरळीत दिसले, असेही होते. हे सुद्धा उत्तरच आहे. मग दोष ठोक्यांचा नाही, बीपी पडण्याचा, मेंदूचा किंवा मानसिक ताणाचा असू शकतो आणि तपास त्या दिशेने जातो. रेकॉर्डर बीपी मोजत नाही, शुगर मोजत नाही.

फिट की हृदय?

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात आणि त्यांचे ओझे माणूस वर्षानुवर्षे वाहतो. हृदय थांबल्याने मेंदूला रक्त गेले नाही तर काही सेकंद हातपाय झटकतात, डोळे फिरतात, कधी कपड्यात लघवी होते. बघणाऱ्याला ती फिटच वाटते. दवाखान्यात नातेवाईक “फिट आली” सांगतात, कागदावर तसेच लिहिले जाते आणि गोळ्या चालू होतात. मुलीचे असेल तर लग्नाचा प्रश्न उभा राहतो, गावात नाव पडते ते वेगळेच.

इंग्लंडमधील मँचेस्टरच्या डॉक्टरांनी मिरगीचा शिक्का बसलेल्या, पण त्याबद्दल शंका असलेल्या १०३ जणांना लूप रेकॉर्डर बसवून पाहिले. सुमारे पाचातल्या एकाच्या हृदयाचे ठोके झटक्याच्या वेळी थांबले किंवा अतिशय मंदावले होते. यांना मेंदूच्या गोळीची नाही, हृदयाच्या इलाजाची गरज होती.

याचा अर्थ गावातली प्रत्येक फिट हृदयाची, असा अजिबात नाही. खरी मिरगी असतेच आणि तिच्यावर चांगली औषधे आहेत. हे वाचून कोणी फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. गोळ्या अचानक बंद केल्याने एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. फरक ओळखायच्या काही खुणा डॉक्टर विचारतात. झटके किती वेळ चालले? भोवळीतले काही सेकंदांचे असतात, मिरगीतले बहुधा मिनिट-दोन मिनिटांचे. शुद्ध आल्यावर माणूस लगेच ओळखून बोलला की बराच वेळ गुंगीत होता? जीभ कडेला चावली गेली का? चेहरा पांढरा पडला की निळा? गोळ्या घेऊनही झटके थांबत नसतील, तर “हृदयाचं एकदा बघता येईल का?” असे विचारण्यात काही गैर नाही.

याची गरज कोणाला नाही

भोवळ येणाऱ्या बहुतेकांना हे यंत्र लागत नाही. १५ ऑगस्टला उन्हात उभे राहून शाळेतली पोरे पडतात, सुई पाहून किंवा रक्त पाहून काहींना घेरी येते, उपाशीपोटी रांगेत उभे राहून बायका पडतात. आधी मळमळते, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग पडतो, ही साधी भोवळ. तिच्यात धोका कमी. पाणी, मीठ, खाणे आणि अंधारी येताच खाली बसणे एवढ्याने बरेच निभावते. उठताना चक्कर येणे हे बीपीच्या किंवा लघवीच्या त्रासाच्या गोळ्यांमुळेही होते. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आणि रक्त कमी असणे पुष्कळ आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन न बघता लाखाच्या यंत्रापर्यंत जाण्यात अर्थ नाही.

उलट काही रुग्णांना रेकॉर्डर लावून वाट बघणेच धोक्याचे असते. धावताना, ओझे उचलताना किंवा आडवे असताना शुद्ध गेली, पडण्याआधी छातीत जोराची धडधड किंवा दुखणे झाले, आधी हार्ट अटॅक येऊन गेला आहे, हृदयाची ताकद कमी आहे, झडपेचा आजार आहे, ईसीजीत आधीच दोष दिसतो किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, अशांनी थेट मोठ्या रुग्णालयात दाखल होऊन तपासणी करावी. गरज दिसली तर तिथे सरळ पेसमेकर किंवा झटका देणारे यंत्र बसवतात.

यंत्राआधी करायच्या फुकटच्या किंवा स्वस्त गोष्टी

सगळ्यांत मोलाची गोष्ट प्रत्येकाच्या खिशात आहे. एक जण रुग्णाला सांभाळत असताना दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ काढावा. चेहरा, हातपाय आणि शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले बोलणे त्यात यायला पाहिजे. काही लोकांना हे वाईट दिसते, माणूस पडला आणि हा शूटिंग करतो म्हणून. पण तोच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून डॉक्टरला जे कळते ते नातेवाईकांच्या तासभर सांगण्यातून कळत नाही. तो डॉक्टरला दाखवायचा आहे, गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

दुसरे म्हणजे त्याच वेळी मनगटाची किंवा मानेची नाडी पाहणे. १५ सेकंद मोजून चारने गुणले की झाले. नाडी ३० होती की १८० होती की लागतच नव्हती, एवढे सांगता आले तरी तपास अर्धा पुढे जातो. तारीख, वेळ, काय करत होता, काय खाल्ले होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे एका वहीत लिहावे.

दवाखान्यात झोपवून आणि मग उभे करून तीन मिनिटांपर्यंत बीपी घ्यायला सांगावे. बसवून एकदा घेतलेल्या बीपीत उभे राहिल्यावर पडणारे बीपी दिसत नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन, शुगर ही तपासणी तालुक्याला होते. टूडी इको, होल्टर आणि गरज पडल्यास टेबलावर उभे करून करायची टिल्ट तपासणी यासाठी पुढे जावे लागते.

कुठे जायचे, खर्च काय

सानगडी परिसरातून पहिला टप्पा साकोली, दुसरा भंडारा. हृदयाच्या ठोक्यांचा खास तपास मात्र नागपूरलाच, साकोलीहून साधारण १०० किलोमीटर. तिथे मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधील एम्स ही सरकारी ठिकाणे आहेत, दोन्हीकडे हृदयरोग विभाग आहे. खासगीत जायचे असेल तर ‘ठोक्यांचे तज्ज्ञ’ म्हणजे ईपी डॉक्टर कोण आहेत हे विचारून जावे. प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञ हे काम करतोच असे नाही.

रेकॉर्डरची किंमत लाखांत जाते आणि भारतात तो कमी बसतो त्याचे मोठे कारण हेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि पेसमेकर त्यात आहे. पण ‘तपासणीसाठी बसवायचा रेकॉर्डर’ आणि ‘इलाजासाठी बसवायचा पेसमेकर’ या दोन वेगळ्या बाबी आहेत. एकाला मंजुरी मिळते म्हणून दुसऱ्याला मिळेल असे धरून चालू नये. ॲडमिट होण्याआधीच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठून नेमके नाव सांगून विचारावे. योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहेत. डॉक्टरांनाही सरळ विचारावे की रेकॉर्डरने काय सापडले तर इलाज बदलेल. दोन्हीकडून इलाज तोच राहणार असेल, तर शेत गहाण ठेवून यंत्र बसवण्याची घाई नको.

कारण कळेपर्यंत

वारंवार शुद्ध जाणाऱ्या माणसाने कारण कळेपर्यंत मोटरसायकल आणि ट्रॅक्टर चालवू नये. विहिरीच्या काठावर, बोडीत किंवा तलावात एकट्याने जाऊ नये, मळणीच्या मशीनजवळ उभे राहू नये, झाडावर चढू नये. भोवळीपेक्षा भोवळ कुठे आली यानेच जास्त जीव जातात. चिखलाच्या बांधीत पालथा पडलेला माणूस वीतभर पाण्यातही गुदमरतो. म्हणून रोवणीत अशा माणसाला धुऱ्यावरचे काम द्यावे आणि नजरेसमोर ठेवावे.

पडला तर सपाट निजवावे, पाय थोडे उंच करावेत, गर्दी हटवावी. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. तोंडात पाणी ओतू नये, दातांत चमचा घालू नये. ओढून बसवू नये, बसवल्याने मेंदूचे रक्त पुन्हा कमी होते. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास चालत नाही किंवा नुसती आचके दिल्यासारखी उबळ येते, तर ती भोवळ नाही. लगेच १०८ लावून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे.

रेकॉर्डर बसवलेल्याने यंत्राचे कार्ड कायम जवळ ठेवावे. एमआरआयची वेळ आली तर आधी ते दाखवावे. आताच्या बऱ्याच यंत्रांसह एमआरआय करता येतो, पण तिथल्या माणसाला माहीत असायला पाहिजे. कारण सापडले किंवा बॅटरी संपली की तेवढीच लहान चीर देऊन यंत्र काढतात.